बिनतारीचा अबोला

ज्या घरात दहावी-बारावीचे मूल आहे त्या घरात लॅपटॉप ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही, हे बारामती व इंदापूर तालुक्यांतील पालकांस आम्ही सांगावयास नको. नवे यंत्र घेण्याची ऐपत सर्वांचीच नसते. कचेऱ्यांनी चार-पाच वर्षे वापरून काढून टाकलेली यंत्रे पुण्याकडील दुकानदार झाडूनपुसून विकतात, आणि तीच आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरी येतात. त्यात कमीपणा मुळीच नाही. कचेरीसाठी बांधलेले यंत्र अंगाने दणकट असते आणि नीट सांभाळले तर मुलाचे शिक्षण पार पाडते. परंतु एके दिवशी सकाळी असे होते की, यंत्र उघडावे तो पडदा उजळतो, अक्षरे उमटतात, सर्व काही जागच्या जागी असते; फक्त वायफायची खूण नाहीशी झालेली असते. चालू करू जावे तर ते चालू होत नाही. यंत्र जिवंत आहे, पण त्याने जगाशी अबोला धरला आहे.

अशा वेळी घरोघरी काय घडते ते आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. प्रथम मुलाला रागे भरतात: "तूच काहीतरी दाबले असशील!" मग कंपनीच्या नावाने बोटे मोडतात. शेवटी यंत्र पिशवीत घालून एस. टी. ने तालुक्याच्या गावी दुकान गाठतात. कंपनीस दोष देऊन कोणाचे बिघडत नाही, आणि दुकानाची गरज कधी ना कधी लागतेच. परंतु मुलाला रागे भरणे ही गोष्ट दोष शोधण्याच्या कामी इतकी घातक आहे की, मुख्यतः तिच्याविषयी लिहिण्यासाठीच आम्ही लेखणी हाती घेतली आहे.

कोणी म्हणेल, वायफाय बंद पडले तर एवढे काय बिघडले? चार दिवस मूल चित्रपट पाहणार नाही, ते बरेच झाले! हा विनोद म्हणून ठीक आहे. पण २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून सबंध महाराष्ट्रातील अकरावीचे प्रवेश एकाच मध्यवर्ती ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. तोवर ही पद्धत मोठ्या शहरांपुरतीच होती. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावे लागतात. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, कृषी या शाखांकडे जाणाऱ्यास प्रवेश परीक्षेचा अर्ज तसाच भरावा लागतो. मोबाइलवर हे होते, नाही असे नाही. परंतु दाखल्यांच्या प्रती ठरावीक आकाराच्या करून जोडणे, महाविद्यालयांचे पसंतीक्रम लावणे, ही कामे चार बोटांच्या पडद्यावर करताना किती चुका होतात ते आम्हां शिक्षकांस विचारावे. आणि शेवटची तारीख कोणाच्या यंत्रासाठी थांबत नाही. भिगवण किंवा निमगाव केतकीच्या पलीकडील वस्तीवरून दुकानापर्यंत जाऊन येणे म्हणजे बापाची एक दिवसाची मजुरी बुडणे होय. सबब हा प्रश्न खेळण्याचा नव्हे.

आता मूळ गोष्टीकडे वळू. "वायफाय चालत नाही" या एका वाक्याखाली दोन अगदी निराळे आजार लपलेले असतात, आणि ते निराळे न केल्यामुळे निम्मा गोंधळ होतो. आमच्या भागात हे समजावून सांगणे फार सोपे आहे, कारण नीरेच्या डाव्या कालव्याने ही विद्या आम्हांस केव्हाच शिकविली आहे. रानात पाणी आले नाही म्हणजे शेतकरी लगेच भाटघरच्या धरणावर जात नाही. आवर्तन सुटले आहे काय, हे तो शेजाऱ्यास विचारतो. शेजाऱ्याच्या उसात पाणी पोहोचले असेल तर तो मुकाट्याने आपल्या चारीवर जातो आणि दार उघडे आहे की कोणी पाडले आहे ते पाहतो. कालव्याच्या शेपटाकडील इंदापूरकरांस तर हा शोध पिढ्यान्‌पिढ्या करावा लागला आहे. पाणी का आले नाही याची कारणे ते दहा बोटांवर मोजून दाखवतील. त्यांनीच घरी आल्यावर मात्र लॅपटॉपपुढे हात टेकावे, याचे आम्हांस नवल वाटते. रीत तीच आहे!

येथे शेजारी म्हणजे घरातला मोबाइल. तो त्याच वायफायवर जोडून पाहावा. मोबाइलालाही काही मिळत नसेल तर राऊटर, त्याची वीज, किंवा बाहेरून येणारी तार यांपैकी कोठेतरी खोट आहे, आणि लॅपटॉप बिचारा निरपराध आहे. मोबाइलाला मिळते, लॅपटॉपलाही आसपासच्या वायफायांची नावे दिसतात, पण पाने उघडत नाहीत, असे असेल तर परवलीचा शब्द चुकला असेल, किंवा जोडणीच्या आतील काही मांडणी बिघडली असेल. तो आजचा विषय नव्हे. परंतु नावांची यादीच दिसत नाही, चालू करण्याची खूण फिकट झाली आहे किंवा मुळीच नाही, अशी अवस्था असेल तर ओळखावे की, पाणी कालव्यात आहे, आपल्या चारीचे दार पडलेले आहे. "वायरलेस केपेबिलिटी इज टर्न्ड ऑफ" असे वाक्य काही वेळा यंत्र स्वतःच दाखविते. त्याचा अर्थ 'बिघडले' असा नसून 'बंद केलेले आहे' असा आहे. या दोहोंतील भेद ज्याला कळला त्याचे अर्धे काम झाले.

मग दार ठेवलेच कशाला, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारील, आणि त्याने तो अवश्य विचारावा. त्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे, आणि फार दूर नव्हे, ज्या दौंड जंक्शनाहून बारामतीची आगगाडी फुटते तेथपर्यंतच. इ. स. १९२७ साली हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यामध्ये थेट बिनतारी तारायंत्र सुरू झाले, तेव्हा इकडचे संदेश पाठविण्याचे केंद्र खडकी येथे व तिकडचे संदेश ऐकण्याचे केंद्र दौंड येथे होते. इंग्लंडातही असेच ग्रिम्सबीजवळ व स्केगनेसजवळ दोन निरनिराळी केंद्रे होती. पाठविणारा व ऐकणारा यांना इतके दूर ठेवण्याचे कारण उघड आहे: जवळच मोठ्याने ओरडणारा असेल तर लांबची कुजबूज कानी पडत नाही. खडकी ते दौंड एवढ्या अंतरावर पसरलेले ते बोलणे व ऐकणे आज पोस्टाच्या तिकिटाएवढ्या एका चकतीत मावले आहे, आणि ती चकती आमच्या मुलांच्या लॅपटॉपात बसली आहे. १९३३ च्या बिनतारी कायद्याप्रमाणे असले यंत्र नुसते जवळ बाळगावयासही परवाना लागत असे. २.४ गिगाहर्ट्‌झच्या ज्या पट्ट्यात आपले वायफाय बहुधा चालते तो कमी शक्तीच्या यंत्रांसाठी आपल्या देशात २००५ साली परवान्यातून मुक्त झाला, म्हणूनच आज कोणी कोणास विचारल्यावाचून घरात राऊटर लावू शकतो.

परंतु ज्याला बोलण्याची मुभा आहे त्याला गप्प बसण्याचीही सोय हवी. विमानात बसल्यावर सर्व बिनतारी यंत्रे मुकी करण्याचा नियम झाला, त्यावरून 'एअरप्लेन मोड' हे नाव आले. आमच्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातील अतिक्षीण लहरी ऐकत असतात, आणि आसपासची यंत्रे जितकी मुकी तितकी ती दुर्बीण सुखी. (ज्या रेडिओ-खगोलशास्त्राला वायफायची बडबड नको असते त्याच शास्त्रातून वायफायचा एक महत्त्वाचा दुवा निघाला, ही गंमत येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. ऑस्ट्रेलियातील जॉन ओ'सुलिव्हन व त्यांचे सहकारी यांनी खोलीच्या भिंतींवर आपटून परतणाऱ्या लहरींचे प्रतिध्वनी निवडून काढण्याची युक्ती १९९० च्या दशकात शोधली. तीवाचून घरातील बिनतारी जोडणी इतकी वेगवान झाली नसती.) शिवाय बिनतारी चकती बॅटरी खाते, तीही गरज नसताना झोपविता यावी. यास्तव यंत्र बांधणाऱ्यांनी दारे ठेवली. आणि ती एक नव्हे, अनेक ठेवली.

त्यांपैकी पहिले दार अंगावर असते. कचेऱ्यांतून आलेल्या जुन्या यंत्रांपैकी कित्येकांच्या कडेला, किंवा पुढच्या काठाला, नखाएवढी एक सरकती कळ असते. दप्तरात यंत्र घालताना किंवा बाहेर काढताना ती सहज सरकते. या कळीचा निरोप विद्युत्‌मार्गाने थेट चकतीपर्यंत जातो, म्हणून ती बंद असेल तर पडद्यावर कितीही टिचक्या मारल्या तरी उपयोग नाही. नव्या यंत्रांत ही कळ बहुधा नसते. तिचे काम वरच्या ओळीतील एखादी कळ करिते. तिच्यावर लहानसा मनोरा किंवा विमान कोरलेले असते. लेनोव्होच्या पुष्कळ थिंकपॅडांत ती एफ-८, एचपीच्या पुष्कळ यंत्रांत एफ-१२, डेलच्या कित्येक जुन्या यंत्रांत एफ-२. काही ठिकाणी ती एकटी दाबावी लागते, काही ठिकाणी एफएनची कळ धरून दाबावी लागते. एचपीच्या यंत्रांत तिच्यावर दिवाही असतो. नारिंगी म्हणजे बंद, पांढरा किंवा निळा म्हणजे चालू. लिनक्स प्रणाली वापरणाऱ्यांस 'आरएफकिल' नावाची एक आज्ञा उपलब्ध आहे. ती 'हार्ड' व 'सॉफ्ट' असे दोन अडथळे निरनिराळे दाखविते, म्हणजे अंगावरचे दार बंद आहे की आतले, हे तिच्या उत्तरात स्पष्ट लिहिलेले असते. आम्हांस ही विभागणी फार आवडते. विंडोजमध्ये ती इतकी स्पष्ट नाही, तरी मनात तीच ठेवून शोध करावा.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिण्यास घेतला तिकडे येतो. इंदापूर तालुक्यातील एका वस्तीवरील मुलीची ही हकिकत आहे. वडिलांनी ऊसतोडीच्या हंगामानंतर हाती आलेल्या पैशांतून वापरलेला लॅपटॉप आणला. घरात पहिल्या दिवसापासून सक्त ताकीद होती की, धाकट्या भावाखेरीज, म्हणजे मुलग्याखेरीज, कोणी त्याला हात लावू नये! मोठी बहीण दहावी होऊन अकरावीच्या अर्जासाठी खोळंबलेली, आणि यंत्राचा अधिकार सातवीतल्या भावाकडे. हे कोणते तर्कशास्त्र, ते आम्हांस अद्याप उमगलेले नाही. एके दिवशी वायफाय गेले. सर्वांनी भावास विचारले, त्याने कानांवर हात ठेविले. दोन दिवसांनी वडील दुकानात गेले. तेथे चकती जळाली आहे, नवी घालावी लागेल, असे सांगण्यात आले. पैसे नव्हते म्हणून ते यंत्र परत घेऊन आले, आणि मुलगी ते घेऊन शाळेत आली. आम्ही यंत्र उघडण्यापूर्वी तिला एकच प्रश्न केला: "वायफाय जाण्याच्या आधी यंत्राला शेवटचा हात कोणाचा लागला, व काय करीत असताना?" ती बराच वेळ खाली पाहत राहिली. मग म्हणाली, "सर, घरी सांगू नका. मी फडक्याने धूळ पुसत होते." वरच्या ओळीत एक नारिंगी दिवा लागलेला होता. तिनेच ती कळ दाबली. दिवा पांढरा झाला, आणि पाच-सहा वायफायांची नावे पडद्यावर एकामागून एक आली.

ही दिव्याची गोष्ट क्षुल्लक आहे. दिवा कोणासही दिसला असता. आमचे लक्ष त्या दोन दिवसांकडे आहे. दोन दिवस दोषाचे कारण त्या घरातच होते, एका मुलीच्या मनात पुरते ठाऊक असलेले होते, आणि ते बाहेर येऊ शकले नाही, कारण बाहेर येण्याची किंमत मार किंवा बोलणी ही होती. रोग्याने वैद्यापासून लपवावे तसे घडले, फरक एवढाच की, येथे रोग्याला लपवावयास आपणच शिकविले. कोणतेही यंत्र असो, त्यात 'शेवटी काय केले गेले' हा दोष शोधण्याचा सर्वांत मोठा धागा असतो. काल नवे काही बसविले काय? यंत्र पडले काय? प्रणालीने स्वतःहून सुधारणा घेतली काय? पुसताना, खेळताना, रागाने, कसेही, एखादी कळ दाबली गेली काय? या प्रश्नांची खरी उत्तरे देणारा माणूस घरात असेल तर दहापैकी किती घरांस दुकानाची पायरी चढावी लागणार नाही, याचा विचार पालकांनी करावा. आणि खरे उत्तर भीतीखाली मिळत नाही. मुलाला शिस्त लावू नये, असे आमचे म्हणणे नाही. शिस्त लावावयाची ती यंत्र निष्काळजीपणे फेकण्याबद्दल लावावी. "मी ही कळ दाबली" असे सांगणाऱ्यास लावू नये. त्याला तर आधी शाबासकी द्यावी. आमच्या वर्गातही हा नियम असावा व तो शिक्षकांनी पाळावा, हे ओघानेच आले.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ज्याला हात लावण्याची मनाई आहे त्याच्याकडून काही झाले तर ते सांगणे दुप्पट कठीण होते: एक तर बिघडविले, आणि मुळात शिवलेच का? म्हणून ज्या घरांत यंत्र मुलग्यांच्या मालकीचे समजतात त्या घरांत ते अधिक काळ नादुरुस्त पडून राहते, असा आमचा अनुभव आहे. विहिरीवरील मोटारीचा स्टार्टर दाबण्यास घरातील बायका शिकल्या, तेव्हाही कुरबूर झाली होतीच. आज रात्रीच्या विजेच्या पाळीला तो कोण दाबते ते सर्वांस ठाऊक आहे.

अंगावरील दार उघडे असूनही अबोला सुटत नसेल तर आतल्या दारांकडे वळावे. त्यांचे वर्णन आम्ही थोडक्यात करितो. प्रथम यंत्र 'रीस्टार्ट' करावे. 'शट डाऊन' करून पुन्हा चालू करणे म्हणजे तेच, असे समजू नये. विंडोज ८ पासून पुढे यंत्र लवकर जागे व्हावे म्हणून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. तिच्यामुळे शट डाऊनमध्ये प्रणालीचा गाभा पुरता मिटत नाही, झोपेत जाऊन तसाच उठतो, आणि आदल्या दिवशीची अढी मनात धरून उठतो. रीस्टार्टमध्ये ती अढी सुटते. मग सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या पानावर एअरप्लेन मोड चालू तर नाही ना, ते पाहावे. त्यापुढे डिव्हाइस मॅनेजर उघडून 'नेटवर्क अॅडाप्टर्स' या मथळ्याखाली वायरलेस किंवा वायफाय असे नाव शोधावे. नावावर खाली वळलेला लहान बाण असेल तर कोणीतरी ते निष्क्रिय केले आहे, 'एनेबल' म्हणावे. पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हर, म्हणजे प्रणाली व चकती यांच्यामधला दुभाषी, गोंधळला आहे. तो काढून यंत्र पुन्हा सुरू केले म्हणजे प्रणाली बहुधा त्याला पुन्हा बसविते, आणि प्रणालीने नवी सुधारणा घेतल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल तर 'रोल बॅक ड्रायव्हर' हा पर्याय वापरून जुन्या दुभाष्यास परत बोलवावे. नावच नसेल तर मात्र प्रकरण अधिक खोल आहे. तरीही यंत्र बंद करून, विजेची दोरी काढून, आणि बॅटरी निघणारी असेल तर तीही काढून, चालू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून धरावी. आत साठलेला विजेचा अंश निघून गेल्यावर हरवलेली चकती पुन्हा दिसू लागते, असे पुष्कळदा घडते. याला मंत्रतंत्र समजू नये.

कचेरीतून आलेल्या यंत्रांविषयी एक खास सूचना आहे. त्यांपैकी काहींच्या बायोसमध्ये, म्हणजे प्रणाली जागी होण्यापूर्वीच्या मूळ मांडणीत, अशी अट घातलेली असते की, जाड तार लावली की बिनतारी आपोआप बंद व्हावी. कचेरीत ते योग्य होते. घरी मात्र राऊटराची तार लावून ठेवणाऱ्यास वायफाय का गेले याचा उलगडा होत नाही. तार काढावी व पाहावे. बायोसमध्ये शिरून इतर गोष्टींस हात लावण्याची हौस मात्र मुलांनी धरू नये.

इतके करूनही यश आले नाही आणि उद्या शेवटची तारीख आहे, तर काय करावे? हे प्रत्येक विद्यार्थ्यास तोंडपाठ असले पाहिजे: मोबाइल चार्जिंगच्या तारेने लॅपटॉपास जोडावा व मोबाइलात 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे. तार मात्र निरोप वाहणारी हवी. काही स्वस्त तारा नुसती वीजच वाहतात. मोबाइलाचे इंटरनेट तारेने लॅपटॉपात येते. बिनतारी चकतीची त्यात गरजच नाही. अर्ज आधी भरून टाकावा, दुरुस्ती मागाहून होईल. याच वाटेने कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हरही आणता येतो, एरवी 'ड्रायव्हर आणावयास इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा' असा पेच पडतो. ड्रायव्हर कंपनीच्याच पानावरून घ्यावा. फुकटात सर्व दोष दूर करू म्हणणाऱ्या जाहिराती पुष्कळ असतात. जत्रेतील जडीबुटीवाल्यास आपण जेवढा विश्वास देतो तेवढाच त्यांस द्यावा.

आमच्या परिचयातील एक विद्वान गृहस्थ म्हणतात की, हे सर्व कारागिराचे काम आहे. मुलांनी गणित करावे, भूमिती करावी, यंत्राच्या भानगडीत पडू नये. कारागिराविषयी आम्हांस आदर आहे. चकती खरोखर जळते, पाणी सांडल्याने संपर्क गंजतात, झाकणाची बिजागरी तुटून पडद्याभोवतीच्या बारीक अँटेनाच्या तारा तुटतात; ही कामे त्यानेच करावी. (तारा तुटल्या तर वायफाय चालू होते, पण शेजारच्या खोलीतले राऊटरही दूरच्या गावी असल्यासारखे क्षीण दिसते, हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे.) परंतु भूमितीचा अभ्यास म्हणजे तरी काय? दिलेले काय आहे, सिद्ध करावयाचे काय आहे, आणि एका पायरीवरून दुसरीवर जाताना कोणता आधार आहे, हेच ना? मोबाइलाला मिळते, म्हणून राऊटर निर्दोष. दिवा पांढरा आहे, म्हणून अंगावरचे दार उघडे. नावावर बाण नाही, म्हणून आतलेही उघडे. अशी एकेक शक्यता आधाराने दूर सारीत जाणारा मुलगा प्रमेयच सोडवीत असतो, आणि त्याचे उत्तर खरे की खोटे हे गुण देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसते. आमच्या मते हायस्कुलाच्या संगणकाच्या तासात पडद्यावरील चित्रे रंगविण्यापेक्षा वर्षातून दोन तास तरी मुद्दाम बंद केलेली यंत्रे विद्यार्थ्यांपुढे ठेवावी आणि दोघादोघांच्या जोडीने ती बोलती करावयास सांगावी. जोडी कशासाठी? एकाने करावे व दुसऱ्याने काय केले ते कागदावर लिहून ठेवावे. अशाने पूर्वीची स्थिती परत आणता येते. एका वेळी चार गोष्टी बदलणाऱ्यास, यंत्र सुरू झाले तरी, ते कशाने सुरू झाले हे कधीच कळत नाही.

कारागिराकडे जावेच लागले तर हा कागद बरोबर न्यावा. त्यात यंत्राचे नाव व नमुना, प्रणाली कोणती, दोष केव्हापासून, त्याआधी काय घडले, दिव्याचा रंग कोणता, डिव्हाइस मॅनेजरात नाव दिसते की नाही, इतके लिहिलेले असावे. चकती बदलावी लागेल असे सांगितले तर जुनी परत मागावी, आणि त्याआधी यूएसबीत खोचावयाचे लहानसे वायफाय डोंगल लावून पाहण्याची विनंती करावी. ते काही शे रुपयांत मिळते व कायमचे वापरले तरी चालते. सबंध प्रणाली पुसून नवी घालण्याचा उपाय सुचविला गेला तर लगेच होकार देऊ नये. त्यात मुलांचे टिपण, दाखल्यांच्या प्रती, घरातील छायाचित्रे, सर्व काही जाण्याचा संभव असतो. ते दुसरीकडे उतरवून घेतल्यावाचून यंत्र हातचे सोडू नये.

आणि ज्यांचे यंत्र आज सुरळीत चालले आहे त्यांनी येत्या रविवारी एवढे करावे. वायफायचा ड्रायव्हर कंपनीच्या पानावरून उतरवून एका पेन ड्राइव्हवर ठेवावा. यंत्र उलटे करून सरकती कळ आहे काय ते पाहावे, असल्यास तिच्याशेजारी नेलपॉलिशचा एक ठिपका लावावा, आणि वरच्या ओळीतील मनोऱ्याची कळ कोणती ते घरातील प्रत्येकाने, आजीनेसुद्धा, एकदा दाबून, वायफाय बंद होऊन पुन्हा चालू होते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.